फोटो कोणी काढला

टीव्हीवर एकामागून एक गावं येत होती. सगळी फ्रान्समधली, सगळी डोंगरमाथ्यावरची. दगडी घरं, रंग उडालेल्या खिडक्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पद्मिनी सोफ्याच्या कडेला बसून फोनवरून आपल्या ट्रिपचे फोटो पुढे सरकवत होती. पाहुणे आलेले उल्का आणि शशिकांत जेवून सुस्तावले होते. पद्मिनीचा नवरा देवदत्त ओट्यापाशी चहा गाळत होता. तिथून टीव्ही नीट दिसत होता.

"या गावात मी सगळ्यात जास्त राहिले," पद्मिनी म्हणाली. "एक बेकरी आणि एक चर्च. बस आठवड्यातून दोनदा. दुपारी जेवणाच्या वेळेला सगळं बंद."

"मग वहिनी, दुपारभर करायचात काय?" शशिकांतने विचारलं.

"बसायचे."

"नुसत्या?"

"नुसती. ऊन उतरलं की खालच्या वळणापर्यंत चालत जायचं आणि परत चढून यायचं."

देवदत्तला हे नवीन होतं. ट्रिप दोघांची ठरली होती. ऐन वेळी ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आलं म्हणून त्याने आपलं तिकीट कॅन्सल केलं. तीही करेल असं तो धरून चालला होता. ती म्हणाली, "मग मी जाऊन येते." पुढे रिलीजच लांबणीवर पडलं, आणि तो अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या या घरात एकटा फ्रोझन पराठे खात राहिला. तिचा फोन रोज यायचा. सगळं ठीक आहे, खूप शांत आहे, तू जेवलास का. वळणापर्यंत चालत जाण्याचं तिने कधी सांगितलं नव्हतं.

"हा निळा स्वेटरवाला परत आला बघ," उल्का हसत म्हणाली.

"पोस्टमन आहे तो. आजूबाजूच्या सगळ्या गावांना मिळून एकच."

देवदत्त चहाचा ट्रे घेऊन आला आणि सोफ्यामागे उभा राहिला. पोस्टमन पन्नाशीचा होता. सडसडीत, केस पिकलेले पण दाट. पिवळ्या व्हॅनला टेकून कॅमेऱ्याकडे बघत होता. फोटो काढणारी ओळखीची असल्यासारखा.

पद्मिनीने बोट सरकवलं आणि तो फोटो आला.

एका बुटक्या दगडी भिंतीवर ती बसली होती. केस मोकळे, चपला खाली काढून ठेवलेल्या. मान मागे टाकून, डोळे मिटून ती हसत होती. देवदत्तला तिची सगळी हसणी माहीत होती. पाहुण्यांसमोरचं, फोनवर आईशी बोलतानाचं, त्याचा जोक संपायच्या आधीचं. हे त्यांतलं नव्हतं.

"कसला सुंदर आलाय गं," उल्का पुढे सरकली. "कोणी काढला?"

पद्मिनीचं बोट क्षणभर थांबलं. "असाच. कुणीतरी," ती म्हणाली, आणि पुढचा फोटो आला. एका मांजराचा.

त्यानंतर चीज आलं, चर्च आलं, खूप खिडक्या आल्या. देवदत्तने प्रत्येक खिडकीत निळा स्वेटर शोधला. शशिकांतने काहीतरी विचारलं, त्याला तो "हो, हो" म्हणाला. पोस्टमनला इंग्लिश येत असेल का, याचा तो विचार करत होता. आणि येत नसेल तर ती एवढी हसली कशाला, याचाही.

उल्काचे डबे तिला परत देऊन झाले. दारात पुन्हा एकदा उभ्याने गप्पा झाल्या. गाडी ड्राइव्हवेमधून बाहेर पडली. देवदत्त डिशवॉशर भरायला लागला. दोन बश्या लावून थांबला.

"तो फोटो पोस्टमनने काढला का?"

"कुठला?"

"कुठला ते तुला माहितीये."

पद्मिनीने हात पुसले. फोन उचलला आणि तो फोटो पुन्हा टीव्हीवर आणला.

"कोणीच नाही काढला," ती म्हणाली. "समोर पाण्याचा हौद होता. त्याच्या कठड्यावर फोन टेकवला आणि टायमर लावला."

"मग उल्काला कुणीतरी असं का सांगितलंस?"

"तू सोफ्यामागे उभा होतास ना."

त्याला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने हातातली बशी पुन्हा सिंकमध्ये ठेवली.

"आणि हसत कशाला होतीस?"

पद्मिनीने खरोखर आठवून पाहिलं. तो चिडून विचारतोय हे जणू तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "ऊन छान होतं. कुणाला उशीर होत नव्हता."

ड्रायर संपल्याची शिट्टी वाजली आणि ती कपडे काढायला वर गेली.

चहा पिताना देवदत्तने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. किती दिवसांची ओळख, माझ्यापासून लपवायचं काय होतं, मी इथे एकटा असताना. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. पोस्टमन असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याने डिशवॉशरचं दार जोरात बंद केलं.

तो टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. आपण गेलो असतो तर कुठे बसलो असतो, ते तो बघत होता. भिंत दोघांना पुरून उरेल एवढी लांब होती. पद्मिनी भिंतीच्या अगदी मधोमध बसली होती.