मेढीची सावली

मुकुंदरावांनी घड्याळ तळहातावर घेतले आणि डोळे मिटले. सोन्याचे झाकण उन्हाने कोमट झाले होते. आतला आवाज एकसारखा होता. दूर कुणाच्या घरी माग चालत असावा तसा.

इतवारीतल्या त्या अंगणात लग्नाची मुहूर्तमेढ रोवलेली होती. मेढीजवळ बाजेवर घड्याळाचे मालक नानाजी बसले होते. त्यांची नजर गेली होती. त्यांची लेक वच्छला उंबऱ्याशी उभी राहून मुकुंदरावांचा चेहरा वाचत होती. याआधी घड्याळ विकत घ्यायला आलेल्या दोघांनी ते ‘मागे पडते’ म्हणून परत केले होते. यांनीही नाही म्हटले, तर संध्याकाळी सोनार झाकणे वितळवण्यासाठी घेऊन जाणार होता. नवरीच्या, नानाजींच्या नातीच्या, बांगड्यांपुरते सोने त्यांत होते.

मुकुंदरावांनी हयातभर तंत्रशाळेत यंत्रे शिकवली होती. त्यांना घाई ठाऊक नव्हती. त्यांनी भिंगातून बिजागरी पाहिली, तबकडी पाहिली, यंत्रातले माणकांचे खडे न्याहाळले. दुरुस्ती करणारे आतल्या झाकणावर सुईने आपली खूण कोरून ठेवतात. येथे एकच खूण होती, तीही पुसट; म्हणजे घड्याळ फारसे बिघडलेलेच नव्हते.

इतक्यात मिलचा बाराचा भोंगा झाला. त्यांनी स्वतःचे घड्याळ काढून शेजारी धरले. नानाजींचे घड्याळ पाव तासाला जरा कमी इतके मागे होते. कालही ते येथे आले होते आणि याच भोंग्याला त्यांनी हे अंतर पाहून ठेवले होते. ते तेवढेच होते. मागे पडणारे घड्याळ आज आणखी मागे असायला हवे होते.

“हे मागे पडत नाही,” ते सावकाश म्हणाले. “कुणीतरी मागे लावले आहे.”

“मागं नाही जी, मास्तर,” नानाजी हसले. “तुमचा भोंगाच पुढं पळून राहिला. रेल्वेनं साऱ्या मुलखाले एक टाइम केला, तवा मी काटे फिरवलेच नाही; हे आपल्या गावच्या सूर्यावरच चालते. सूर्य काय टिकट काढून येते?”

“बाबा, चूप बसा नं,” वच्छला पुटपुटली. “असंच बोलून दोन गिऱ्हाइकं पळवली तुम्ही.”

“मेढीची सावली किती राहिली वं?”

“चार बोटं.”

“मंग थांबा, मास्तर.”

नवतप्याचे, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांचे ऊन होते; या दिवसांत सूर्य बरोबर माथ्यावर येतो. अंगण पांढरे पडले होते. मेढीला बांधलेली आंब्याची पाने हलत नव्हती. मुकुंदरावांना वाटले, सगळे शहर भोंग्याबरोबर पुढे निघून गेले आहे आणि आपण तिघे अशा जागी उरलो आहोत, जेथे दुपार अजून यायची आहे. मातीवरची सावली विरघळल्यासारखी मेढीकडे सरकत होती.

घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांवर आले. मेढीच्या बुडाशी काहीच उरले नाही.

“घेतो,” मुकुंदराव म्हणाले.

वच्छलेने पदराने कपाळ टिपले आणि घरातून एक बारीक चावी आणली. “हिच्यानंच कमान भरा लागते, मास्तर. काटेही हिच्यानंच फिरते.”

नानाजींनी मान खाली घातली. “घरी जाऊन टेशनाचा टाइम लावान का जी?”

मुकुंदरावांनी चावी नानाजींच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटे मिटवली. “ही तुमच्याजवळच राहू द्या. कमान भरायला रोज सकाळी मी घड्याळ घेऊन येत जाईन.”

“रोज? अन् उशीर झाला तर?”

“कोणाच्या घड्याळाने?”

नानाजी मूठ छातीशी धरून किती तरी वेळ हसत राहिले.

वच्छला दारापर्यंत गेली. मास्तर गल्लीच्या मधोमध चालले होते, दोन खिशांत दोन घड्याळे घेऊन. त्यांच्या पायांशी अजून सावली आली नव्हती.