चुना मुरेपर्यंत

"मिस्त्री, आजच धुमस मारून माती घट्ट करा. उद्या काल्याचं कीर्तन देवळाच्या नव्या सभामंडपाच्या जागेवरच होणार!" सरपंचांनी फर्मावलं.

तीन दिवस चुन्याच्या धुळीत राबलेल्या लिंबाजी मिस्त्रीचे डोळे झोपेनं मिटत होते. ही काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. दोनदा तिनं मंडपाच्या भिंती फाडल्या आणि दोन्ही वेळा शिव्या त्यानंच खाल्ल्या. यंदा ती फुगू नये म्हणून त्यानं पायाच्या मातीत चुना कालवला होता. तो सरपंचांना म्हणाला, "अण्णा, चुना अजून दोन दिवस मुरू द्या. नाहीतर भिंत तिसऱ्यांदा फाटेल."

"आणि बुवांना काय उकिरड्यावर उभं करू?"

कीर्तनकार बुवा मागेच उभे होते. त्यांनी वाकून मूठभर माती दाबली. ती तळहाताला चिकटून बसली. "कच्ची आहे हो," ते हसले. "आपण पिंपळाखाली नाचू. विठोबा काही पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली लिंबाजी पहिल्याच रांगेत बसला आणि बुवांनी अभंग धरताच घोरू लागला. सरपंच त्याला हलवायला उठले. बुवांनी हातानंच त्यांना खाली बसवलं आणि टाळकऱ्यांना खूण केली, जरा हळू.