दोन्ही आळ्यांचा पोवाडा

"यादवीतून समाजाचा इतिहास जन्मतो आणि इतिहासातून वाङ्मय," हे आपल्या निबंधाचे पहिले वाक्य बसवराज मास्तरांनी रविवारी दुपारी मोठ्याने वाचले. श्रोता एकच होता, शाहीर हरिबा. तो म्हणाला, "व्हय. पर ते छापू नगा."

मास्तर सोलापुरातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडनिंबकडच्या एका खेड्यात जाऊन त्यांनी हरिबाकडून दोन पोवाडे उतरवून घेतले होते. एकात वरल्या आळीने खालच्या आळीची सतरा माणसे कापली होती. दुसऱ्यात खालच्या आळीने वरल्या आळीची, तीही सतराच. हा आकडा मास्तरांनी निबंधात 'अत्यंत लक्षणीय' ठरवला होता. पंधरा दिवसांनी निबंध परिषदेत वाचायचा होता. छापखान्यातून प्रुफे आली होती, ती ऐकवायला त्यांनी हरिबाला सोलापूरला घरी बोलावले होते.

हरिबाला वाचता येत नव्हते. पण पानावर दोन रकाने आहेत आणि मध्ये रेघ आहे, एवढे त्याला दिसले.

"हिकडं वरली आळी आन तिकडं खालची?"

"हो."

"रेघ लई बारीक हाय, मास्तर."

"अहो, तुम्ही दोन्ही गाता हे गावाला ठाऊक आहेच की!"

"ठावं हाय. पर ऐकलेलं न्हाय कुनी." हरिबा पुढे सरकला. "जत्रंत पहिल्या रोजी डफ वरल्या आळीत वाजतुया. त्या रोजी खालच्या आळीची समदी माणसं मेंढरं घिऊन माळावर जात्यात. दुसऱ्या रोजी डफ खालच्या आळीत. मग वरल्या आळीची मेंढरं माळावर. हे आज न्हाय, माझ्या बाच्या येळंपासनं हाय."

"मग छापल्याने काय बिघडते?"

"औंदा गावात शाळा झालीया. तितला मास्तर कागद आला की चावडीवर वाचून दावतुया. दोन्ही आळ्या बसत्यात. कागद म्हंजी सरकारी, असं वाटतंया लोकास्नी. त्यातनं उठून मेंढरं घिऊन कोन जाईल?"

हरिबाने मुंडाशाचे टोक बोटाला गुंडाळले.

"आमी वरल्या आळीचं. माझी मायाक्का खालच्या आळीत दिलीया. सासरा मानूस चांगला हाय. म्हनतो, तुजा बा वर काय गातो ते आमी ऐकलं न्हाय, तू सुखानं नांद. ज्या दिशी ऐकंल, त्या दिशी पोर माझ्या दारात."

आतून मास्तरांच्या पत्नी नागम्मा चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मग एकच छापा."

"कोणता?" मास्तरांनी हरिबाला विचारले.

तीस वर्षे दोन्ही पोवाडे तोंडपाठ असलेला हरिबा बशीतल्या चहाकडे बघत राहिला. "वरला छापला तर लेक जाती. खालचा छापला तर भाऊ मला दारात उभं करायचा न्हाय."

"बरे, खरे काय झाले ते तरी सांगा. जिंकले कोण?"

"गारा."

"काय?"

"बिरोबाच्या पालखीम्होरं कुनाचा एडका चालायचा, ह्यावरनं भांडान. दोन्ही आळ्या काठ्या घिऊन देवळाम्होरं आल्या. तवर गारा सुरू झाल्या. समदी देवळात घुसली. देऊळ केवढं? येकामेकाच्या मांडीवर बसली म्हनत्यात. मेली दोन मेंढरं, गारंनं. माझा आजा डफवाला हुता. दोन्ही आळ्यांची तोंडं पडल्याली बघून त्यानं दोघास्नी दोन पोवाडं बांधून दिलं."

"आणि सतरा माणसे?"

"सतरा चालीत बसतंया की."

नागम्मांना हसू आवरेना. "आता गारा कुठं बसतात बघा तुमच्या निबंधात!"

"परिषदेपुढे गारा चालणार नाहीत," मास्तर म्हणाले. ते विनोद करीत नव्हते.

हरिबाने बशी खाली ठेवली. "मास्तर, तिसरा बांधून दिऊ? दोन्ही आळ्या जिंकल्या, असा."

"दोन्ही? लढल्या कुणाशी?"

हरिबाने छपराकडे पाहिले. "पेंढारी घालू की. त्यांच्याकडनं कोन इचारायला येनार हाय?"

मास्तर उठून खिडकीशी गेले. पुराव्यावाचून एक अक्षरही लिहू नये, असे ते दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत. गिरणीचा भोंगा झाला. ते परत येऊन बसले, पेन्सिल घेतली आणि दोन्ही रकान्यांवर एकेक फुली मारली.

"मायाक्काच्या सासऱ्याच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण?"

"कोंडीबा म्हनत्यात."

"त्याच्या हातून एक पेंढारी पाडा."

"दोन पाडतो," हरिबा म्हणाला. "लेकीचं सासर हाय."

दिवेलागणीपर्यंत पोवाडा झाला. पेंढारी सतराच पडले.

परिषदेत निबंधाचे कौतुक झाले. तो छापून आल्यावर गावातल्या मास्तरने चावडीवर वाचला. दोन्ही आळ्यांनी तो ऐकला आणि हे आपल्याला आधीपासून माहीत होते, असे सांगितले. कोंडीबाच्या नावाचा एक दगड देवळासमोर उभा राहिला. मायाक्का नांदते आहे.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त अठराशे अठरा साली झाला. ते गाव अठराशे शहात्तरच्या दुष्काळानंतर वसले.