बंबाचं गाऱ्हाणं

धोंडू घाडी देवापुढच्या गाऱ्हाण्याच्या मध्यावर पोचला होता, तेव्हा तुळसा माडांतून धावत आली.

देवळासमोर नगरपालिकेचा आग विझवायचा नवा बंब उभा होता. नवा म्हणजे गावाला नवा. लढाईनंतर सरकारने मोडीत काढलेल्या ट्रकावर टाकी बसवून वर तांबडा रंग दिला होता. रंग मात्र खरोखरच नवा होता. सकाळपासून तीन सभासदांच्या धोतरांनी तशी खात्री दिली होती.

"बा देवा म्हाराजा," धोंडू डोळे मिटून म्हणत होता, "आज तुझ्या लेकरांनी ह्यो बंब तुझ्या पायाकडे आणून उभो केलो हा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शंभरेक माणसं एका सुरात म्हणाली. गाऱ्हाण्यात लोकांकडे एवढंच काम असतं, आणि त्यात या गावाने कधी कसूर केलेली नाही.

"धावा रे! माजी उडवी पेटली!" तुळसा ओरडली.

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

मग दोघातिघांनी डोळे उघडले. माडांच्या पलीकडे, दोनशे पावलांवर, धूर चढत होता. उडवी म्हणजे तुळसाच्या गायीचं पावसापर्यंतचं गवत. तिला लागून गोठा, गोठ्याला लागून घर. दोन्हींवर गवताचंच छप्पर.

बंबाचा ड्रायव्हर सत्यवान गाडीकडे वळला. अध्यक्ष भाईंनी त्याचा दंड धरला.

"गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही," भाई म्हणाले. चार माणसं जमली की भाई शुद्ध बोलत. "शिवाय उद्घाटनाआधी वाहन हललं तर जबाबदारी कोणाची?"

"पण भाईनू, धूर दिसता."

"धूर मलाही दिसतो. धोंडू, आटप."

धोंडूने आटपलं. इतकं आटपलं, की उपाध्यक्ष बाबू पुढे सरसावले. "खालच्या वाडीचो देवचार रवलो! तेचा नाव खंय घेतलंस?"

खालची वाडी बाबूंची. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार; तो रागावला तर बंब चढणीवर बंद पाडील, यावर सर्वांचं एकमत झालं. आगीची गावात तेवढी ओळख नव्हती. गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू झालं.

तुळसा हात जोडलेल्या त्या शंभर माणसांकडे बघत राहिली.

"गाय बांदलेली आसा माजी थंय," ती म्हणाली. "देवान तुमका हात नुसते जोडूकच दिल्यान काय रे?"

यावर मात्र कोणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. ती आली तशी परत धावली.

गाऱ्हाणं संपलं. नारळ फोडला, तो नासका निघाला. डोक्यावर माड लगडलेले असताना दुसरा नारळ बाजारातून आणवला. मग भाईंनी फीत कापली. मानकरी आपापल्या मानाप्रमाणे टाकीवर चढून बसले. खालच्या वाडीला कडेची जागा मिळाली म्हणून पुन्हा थोडं थांबावं लागलं. शेवटी घंटा वाजवत, पुढे ढोल आणि मागे गाव घेऊन बंब निघाला. ढोलवाले चालत होते, म्हणून बंबही चालत्या माणसाच्या वेगाने गेला.

तुळसाच्या खळ्यात आग नव्हती. अर्धी उडवी काळी होऊन चिखलात पसरली होती, अर्धी शाबूत होती. गोठ्याचं छप्पर ओढून पाडलेलं. घर वाचलं होतं, गायही वाचली होती. सुगंधा, जानकी आणि वाडीतल्या आणखी चौघीजणी विहिरीच्या कठड्याला टेकून धापा टाकत होत्या. भोवती कळशा लवंडल्या होत्या.

"विझवली कोणी?" भाईंनी विचारलं. चोरीचा तपास करावा तसं.

सुगंधाने लवंडलेली कळशी सरळ केली.

"नगरपालिकेने एवढा खर्च करून सेवा सुरू करायची, आणि तुम्ही परस्पर विझवून मोकळ्या. कणकवलीहून फोटोग्राफर आणलाय आम्ही. तो कशाचा फोटो काढणार?" मग भाईंचा आवाज मऊ झाला. त्यांची नजर शाबूत गवताकडे गेली होती. "हे बघ बाई, ते उरलंय ना, त्याचा एक कोपरा पेटवू. एकच. फोटो झाला की लगेच विझवू. सगळी यंत्रणा इथं हजर आहे."

गाय तेच गवत ओढून खात होती. तुळसाने तोंडावरची काजळी पदराने पुसली.

"एक कोपरो कशाक? सगळा पेटवा, भाईनू. पण आदी ही बायलमानसा घराक जावंदेत. मगे तुमचा तुमी इझवा."

सुगंधाने कळशी कमरेवर घेतली. बाकीच्याही आपापल्या कळशा घेऊन उठल्या. जानकीने रहाटावरून पोहऱ्याचा दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला. दोर तिचा होता. सहाहीजणी बंबाला वळसा घालून निघून गेल्या.

त्याच वेळी बंबाच्या पुढच्या भागातून वाफ येऊ लागली.

"बंब तापलो, भाईनू," सत्यवान म्हणाला. "इंजिनाक कळशीभर पाणी व्हया."

"मग टाकीतलं घे!"

"टाकयेत पाणी खंय आसा? मानकरी वर बसतले, वजन जास्त जातला, म्हणान सकाळी तुमीच सोडूक सांगलास."

मानकरी टाकीवरून उतरले. मानाप्रमाणेच उतरले. मग सगळे कठड्याभोवती जमून विहिरीत वाकले.

पाणी चार पुरुष खोलवर होतं. चांगलं स्वच्छ होतं. त्यात प्रत्येकाला आपापला फेटा नीट दिसत होता.