चमचे की वाट्या

“सोया सॉस किती घालू गं? एक वाटी?”

बंद दारामागून उत्तर आलं नाही. बापाने तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. सव्वीस दिवस तो त्या दाराशी बोलत होता आणि सव्वीस दिवस दार गप्प होतं.

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, किती आणि कधी घ्यायचं ते बाटलीवर लिहून द्यायचं. सहा वर्षांत एक चूक नाही. मग एका गर्दीच्या संध्याकाळी, चार वर्षांच्या एका पोरीच्या औषधावर तिने ‘अर्धा चमचा’ऐवजी ‘दोन चमचे’ लिहिलं. पोर तीन दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी घरी गेली, आठवड्याने घसरगुंडीवर चढली. ही मात्र खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही. खोलीला लागून न्हाणीघर होतं, त्यामुळे यायला कारणही उरलं नव्हतं. दुकानदाराने दोनदा निरोप पाठवला, कामावर ये म्हणून. तिने फोनच बंद करून टाकला.

घरात दोघंच. बाप कारखान्यात लेथ चालवायचा. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा, पण या दाराचं काय करावं ते कळत नव्हतं. ओरडून झालं, विनवून झालं. एकदा दाराला पाठ टेकून रडूनही झालं. दार तोडावं तर ती आणखी आत जाईल, नुसतं बसून राहावं तर काय करून बसेल ही धास्ती. तो घरात अनवाणी चालायचा. टीव्ही लावायचा नाही. आल्यागेल्याला उंबऱ्यातूनच परत पाठवायचा. कामावरून आला की आधी दाराबाहेरचं ताट बघायचा, दोन घास तरी कमी झालेत का. कडी तिने लावली होती, पण कोंडले गेले होते दोघं.

आज सुट्टी होती. कोरियन मालिका बघताना ती पूर्वी म्हणायची, बाबा, एकदा आपण घरी हा भात करू या. खोलगट भांड्यात खाली चिकट भात, वर तिखटगोड चिकन, शेजारी काकडी, सगळ्यावर अर्धकच्चं अंडं. कृतीही तिने तोंडपाठ केली होती, पण ते राहूनच गेलं होतं. बापाने सकाळी सगळं सामान आणलं. स्वयंपाकघर तिच्या दारासमोरच होतं.

“बरं, वाटीच घालतो. आता ती लाल मिरचीची पेस्ट. गोचू... गोचुजांग. सहा मोठे चमचे म्हणतोय मोबाइल.”

आत पलंग करकरला.

“सहा तर सहा. चिकन कुठे तक्रार करणार आहे!”

“दोन.”

आवाज इतका घोगरा होता की क्षणभर त्याला तो तिचा वाटलाच नाही. त्याने ओट्याची कड घट्ट धरली.

“दोन वाट्या ना?”

“चमचे! बाबा, चमचे! आणि सोया सॉससुद्धा चमच्याने, वाटीने नाही!”

“असं होय! आणि तिळाचं तेल? बाटलीभर आणलंय, त्यातच तळून काढतो सगळं.”

कडी वाजली.

केसांचा गुंता झालेला, अंगात चुरगळलेला सदरा. उजेडाने डोळे बारीक करत ती थेट शेगडीपाशी आली आणि तिने आधी गॅस बंद केला. मग सॉस कालवायच्या भांड्यात डोकावली. भांडं अजून कोरडंच होतं.

“वाचलं,” ती पुटपुटली. मग तिला आपण कुठे उभ्या आहोत ते उमगलं. तिने चमचा बापापुढे धरला. “तुम्ही मोजा. मी नाही मोजणार.”

“मला मोजता आलं असतं, तर तुला हाक कशाला मारली असती?”

तिने चमचा धुऊन कोरडा केला. मग पेस्ट काढली, सुरीने वरून सपाट केली, उजेडाकडे धरून पाहिली. एक. तिने चमचा रिकामा केला, पुसला, पुन्हा भरला. दोन. सोया सॉसचा पहिला चमचा तिने तीनदा भरून तीनदा बाटलीत परत ओतला. बाप काकडी चिरत राहिला. त्याने घाई केली नाही की मान वर केली नाही.

चिकन शिजलं, भात वाफाळला. मुलीने दोन भांडी भरली, पण स्वतः खाल्लं नाही. ती समोर बसून बापाचा एकेक घास घशाखाली उतरताना बघत राहिली.

“काही होत नाहीये ना तुम्हाला?” तिने अगदी हळू विचारलं.

“होतंय ना.”

तिचा चेहरा पांढरा पडला.

“भूक वाढतेय,” बाप म्हणाला. “तुझ्यातलं अंडं देतेस का?”

ती हसली नाही, पण भांडं तिने स्वतःकडे ओढून घेतलं. एक घास खाल्ला, मग दुसरा. सगळं संपवून बोट फिरवून तळ चाटला आणि केस धुवायला निघून गेली. जाताना दार उघडंच राहिलं.

आतून पाण्याचा आवाज येऊ लागला तेव्हा बापाचा फोन वाजला. त्याची थोरली बहीण होती. खानावळीचा स्वयंपाक सांभाळणारी.

“काय रे, जमलं का?” तिने विचारलं. “पाच दिवस कामावरून सुटलास की माझ्या ओट्यापाशी उभा होतास. कालचं चिकन तर माझ्यापेक्षा सरस केलं होतंस, तेही कृती न बघता!”

बापाने न्हाणीघराच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“नाही गं ताई, काही केल्या जमलं नाही. शेवटी तिलाच बाहेर यावं लागलं.”