बरणीतलं काळं बटण

त्या संध्याकाळीही बरणीतून एक काळं बटण निघालंच.

धम्मशीलाने सगळी बटणं टेबलावर ओतून मोजली. बारा पांढरी, एक काळं. दुपारी चहाचे पेले तेरा भरले होते, बटणंही तेरा. म्हणजे कुणी चुकवलं नव्हतं.

पूर्णा स्टेशनमागच्या गल्लीत तिचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. कापायला बालाजी मास्तर. शिलाई, काज-बटण आणि इस्त्रीला अकरा बायका. घरी जाताना प्रत्येकाने बरणीत एक बटण टाकायचं. दिवस बरा गेला तर शर्टाचं पांढरं, जड गेला तर पँटचं काळं. बरणीच्या तोंडाला कापड बांधलेलं. हात आत घालून मूठ सोडायची, कुणाचं कोणतं ते कुणी बघायचं नाही.

ही पद्धत नीलमच्या नंतरची. नीलम तिची नणंद आणि धंद्यातली भागीदार. गेल्या जूनमध्ये शाळा उघडायच्या घाईत ती रोज सगळ्यांच्या शेवटी निघायची, आणि हसत निघायची. शेवटचा गठ्ठा रवाना झाला त्याच दिवशी ती रुळावर गेली. आधी काही जाणवलं होतं का, असं पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही सांगता आलं नाही. धम्मशीलाचं मशीन तर तिच्या मशीनला लागून होतं.

आता परभणीच्या एका संस्थेचं काम चालून आलं होतं. गेल्या वर्षीच्या तिप्पट गणवेश, तीन वर्षांचा करार. नवरा सूर्यभान म्हणाला, डोळे झाकून हो म्हण. धम्मशीलाने मात्र मनाशी ठरवलं होतं, काळं बटण कुणाचं ते कळल्याशिवाय सही करायची नाही. आणखी एक बाई तिला गमवायची नव्हती.

जीव देऊ बघणाऱ्या माणसाच्या खुणांचं, सरकारी दवाखान्यातून आणलेलं एक पत्रक तिने भिंतीवर चिकटवलं होतं. जेवण तुटतं. झोप उडते. माणूस आपल्या वस्तू वाटून टाकतं, मागची निरवानिरव करतं. पत्रक वाचून ती एकेकीच्या तोंडाकडे बघायची.

पहिला संशय चांगुणाबाईवर गेला. लेक सासरी गेल्यापासून ती गप्प होती. धम्मशीलाने तिला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं.

"घर खायला उठतंय ताई, पण इथं आलं की बरं वाटतंय," चांगुणाबाई म्हणाली. "मलाच काहून इचारायलाव?"

पलीकडून काज-बटणावरची केशरबाई म्हणाली, "ताईला फौजदारकी मिळालीया. आता डब्यातली भाजी बी इचारतीन."

बायका हसल्या. धम्मशीलाही हसली. तिचा स्वतःचा डबा तिने नेहमीसारखा त्यांच्यातच फिरवला होता.

मग तिने दुसरी युक्ती केली. दर दिवशी एकाला भरपगारी सुट्टी. जिच्या सुट्टीदिवशी काळं बटण येणार नाही, ती तीच. बारा दिवस हे चाललं. पेले बारा, बटणं बारा, आणि त्यात रोज एक काळं. बालाजी मास्तरच्या सुट्टीतही आलं, चांगुणाबाईच्याही, इस्त्रीवरच्या सरजाबाईच्याही. म्हणजे एक नाही, निदान दोघी तरी आलटून-पालटून टाकतात, असं तिने ताडलं. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तशी झोप आधीही कुठे लागत होती.

धंदा वाढवायचा तर तो एका माणसावर उभा नको, हे ती नीलमवरून शिकली होती. तिने सरजाबाईला कामाची वही समजावली, गिऱ्हाइकांचे नंबर दिले, कुलपाची चावी दिली.

"मला कशाला चावी, ताई? तुमी हाव की," सरजाबाई म्हणाली.

स्वतःचं मशीन तिने केशरबाईला देऊन टाकलं. आता आपल्याला शिवायला वेळ कुठे, म्हणाली. संध्याकाळी ती रुळाच्या कडेने घरी जायची. ती वाट जवळची पडत नव्हती, पण शांत होती.

शनिवारी ती परभणीला गेली आणि करारात आपल्या नावाखाली सरजाबाईचं नाव घालून आली. सही तेवढी अजून बाकी ठेवली.

सोमवारी सकाळी तिने शनिवारची बरणी ओतली. बारा पांढरी. काळं एकही नाही.

तिने पुन्हा मोजलं. डोळे भरून आले. मग हात थांबला. रोज तेरा निघतात. जिचं काळं असतं, तिने शनिवारी टाकलंच नाही. हजेरीच्या वहीत कुणाचाही खाडा नव्हता. ती तशीच आतल्या खोलीतून धावत बाहेर आली.

सगळी मशीनं चालू होती. बालाजी मास्तर कापत होता. प्रत्येक बाई आपल्या जागेवर होती.

"शनिवारी बटण कुणी टाकलं नाही?" तिने विचारलं.

मशीनं एकेक करून थांबली. सरजाबाईने इस्त्री उभी ठेवली आणि खटका बंद केला.

"समद्यांनी टाकलं."

"मग एक कमी कसं?"

"आमी बाराच हावोत, शीला. तू सोता कधी टाकत न्हाईस. तेरावं काळं तुझ्या नावचं. रोज मी टाकते, मी नसले की चांगुणा टाकती. शनिवारी तू नव्हतीस."