सुरांखालची घूं

समदने फ्रीजची पिन उपटली आणि परत पियानोसमोर येऊन बसला. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, खिडक्यांवर घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या. रेडी बंदराकडे जाणारे खनिजाचे ट्रक दुपारी जेवणाला थांबतात, तेवढ्यात काम उरकायचं होतं.

सोमवारी त्याला बोटीवर हजर व्हायचं होतं. आता घरी परत येणं सहा-आठ महिन्यांनी. अर्धांगाने एक बाजू लुळी पडलेली त्याची बायको वजीरा मागे राहणार होती. लेक तस्नीम सोबतीला येणार, त्यामुळे खाण्यापिण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती संध्याकाळची. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा वजीराची वाचा गेली ती गेलीच. पण समदने तिन्हीसांजेला तिच्या आईचं पाळण्याचं गाणं पियानोवर वाजवलं, की ती निवायची, चार घास जेवायची. नाही वाजवलं तर तोंड मिटून बसायची. एकदा त्याने तेच गाणं फोनवर टिपून लावून बघितलं, तर बाईने सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं. पत्र्याचा डबा बडवल्यासारखा तो आवाज, तिला तरी दोष कसा द्यायचा?

म्हणून कुडाळच्या मंगेशला गाठलं. भजनं आणि दशावताराचे नाट्यप्रयोग रेकॉर्ड करणारा हा जुना दोस्त. त्याने माइक दिला आणि वर सल्ले दिले, फुकटचे आणि भरपूर. पियानो भिंतीपासून हातभर पुढे ओढ. पेडल करकरतंय, त्याला तेल दाखव. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत जागचा उठू नको, रेकॉर्डिंग चालू राहू दे. आणि माइक तारांपाशी अजिबात नको.

"वजीराभाबी बसता थंयच तो ठेव," मंगेश म्हणाला. "तिका जसा आयकाक येता, तसाच मिळाक होया."

वजीराची खुर्ची समदच्या पाठीमागे, डाव्या हाताला असायची. त्याने माइक त्या खुर्चीच्या दांड्याला बांधला.

आवाज सुंदर आला, खोटं कशाला बोला. फक्त सुरांखाली कसलीतरी बारीक घूं येत होती. समदला ती धड कळलीसुद्धा नाही. बोटीच्या इंजिनरूमने त्याचा डावा कान कधीच खाल्ला होता आणि उजवाही बेताचाच होता. मंगेशनेच फोनवर सांगितलं, मेल्या, घरात कायतरी चालू आसा, ता बंद कर.

मग सुरू झाली शोधाशोध. फ्रीज बंद केला आणि परत लावायला विसरला, चांगली सुरमई कचऱ्यात गेली. शेजारच्या बाबलीला त्याचा पंप थांबवायला सांगितलं. माझे माड सुकले तर तुझ्या पेटीचं पाणी घालू काय, असं विचारून बाबलीने पंप थांबवला. घूं होतीच. उलट दर खेपेला थोडी वाढत होती.

मंगेशने न वाजवता नुसत्या खोलीचा आवाज मागवला. त्यात काहीच नव्हतं. म्हणजे पियानो वाजला की त्याच्याबरोबर घरातली एखादी वस्तू थरथरते, असं निदान त्याने केलं. झालं, पियानोवरचा लग्नाचा फोटो उतरला, पितळी फुलदाणी गेली, भिंतीवरचं घड्याळ निघालं. खोली भाड्याने द्यायला काढल्यासारखी दिसू लागली.

आज समदने पुन्हा वाजवलं. तिसऱ्या ओळीत बोट नेहमीप्रमाणे घसरलं. शेवटचा सूर विरला तरी तो दम धरून बसून राहिला. मग मागे वळला, तर वजीरा त्याच्याकडेच टक लावून बघत होती. ओठ अर्धवट उघडे, छाती वरखाली होत होती. दमली बिचारी, असं म्हणून त्याने तिच्या ओठांची कड पुसली आणि पाठीमागची उशी नीट केली.

पूर्वीची वजीरा असती तर एवढ्या वेळात दहा हाका आल्या असत्या. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "आयकलात?" एवढीच तिची हाक. दूध उतू गेलं तरी आयकलात, परसात साप निघाला तरी आयकलात. तेव्हा तो वैतागायचा. आता त्या एका शब्दासाठी त्याने उरलेला कानही देऊन टाकला असता.

रेकॉर्डिंग मंगेशला पाठवलं. संध्याकाळ व्हायला आली तरी त्याचा फोन नाही. समद मनातून खचला. हिच्यापाशी असला भिकार आवाज ठेवून कसं जायचं?

अखेर फोन वाजला. मंगेशच होता.

"समद, आता घरात काय्येक बंद करू नको."

"गावली काय ती घूं?"

"पियानोचो आवाज बारीक केलंय आणि ती मोठी केलंय. पाठवलंय तुका. हेडफोन उजव्या कानाक लाव, शेवटपर्यंत आयक."

समदने हेडफोन लावला. पियानो कुठेतरी लांब वाजत होता. घूं जवळ होती. ती सुरांबरोबर चढत होती, सुरांबरोबर उतरत होती. तिसऱ्या ओळीत समदचं बोट घसरलं. घूं घसरली नाही, मूळ चालीने सरळ पुढे गेली. समदने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

पियानोचा शेवटचा सूर विरला. मग नुसती शांतता आणि कोणाचा तरी धापेचा श्वास. आणि अगदी माइकपाशी, तुकड्यातुकड्याने,

"आय... क... लात?"